वामनमास्तरांची यक्षभाषा

सेलूला कापसाच्या जिनिंग कारखान्यात कितीही झाडलं तरी कोपऱ्यात रुई साचायचीच. आमच्या नाटकमंडळीचे किस्सेही असेच साचलेत. सांगून सांगून मी थकलो, पण चार माणसं जमली की कुणीतरी म्हणतंच, "ते यक्षांचं सांगा!"

निजामाचं राज्य संपवणाऱ्या पोलीस अ‍ॅक्शनला वर्ष-दोन वर्षं झाली होती. गावात मोकळेपणानं मराठी नाटक करायचं ठरलं. लिहिलं वामनमास्तरांनी. जन्मभर उर्दूतून गणित शिकवलेला माणूस! नाटकात यक्ष होते, आणि यक्ष मराठी कशाला बोलतील, असं मास्तरांचं म्हणणं. म्हणून त्यांनी यक्षांसाठी अख्खी भाषाच तयार केली. मी प्रॉम्प्टर. दिवसभर जिनिंगच्या वजनकाट्यावर उभं राहायचं आणि संध्याकाळी रिकाम्या शेडमध्ये ही भाषा पाठ करायची. जीव नकोसा व्हायचा.

*

मास्तरांचा शब्द नुसता मिळायचा नाही, त्याचं मूळही ऐकावं लागायचं. पाणी म्हणजे 'घळुंबा'. का? तर पेडगावच्या विहिरीवर मोट उपडी होताना असाच आवाज येतो म्हणे!

एकदा वैतागून विचारलं, "मास्तर, 'दमलो'ला काय शब्द?"

"न्हाई. यक्ष दमत नसतेत."

"मग आठवडाभर त्यान्ला आमच्या काट्यावर धाडा!"

*

यक्षराजा होते किशनराव अडते, आणि नायिका आमचा दगडू शिंपी. 'प्रिये'साठी मास्तरांनी शब्द दिला, 'इलिंदूवारिलामेळा'. किशनराव तो म्हणून संपवेपर्यंत दगडू विंगेत पोचलेला असायचा!

किशनराव म्हणाले, "मास्तर, लय लांब हाय. जरा कमी करा की."

"बायकोला हाक मारायची बी तुमाला घाई?"

"घरी नुसतं 'अगं' म्हणतो मास्तर, तरी ती थांबत न्हाई!"

*

मग कुणीतरी ठाण्यात चुगली केली, की शेडमध्ये माणसं जमतात आणि गुप्त भाषेत बोलतात. दिवस संशयाचे होते. फौजदार आले. त्यांना गाव अजून जुन्या सवयीनं अमीनसाहेबच म्हणायचं. त्यांनी एकेका शब्दाचा अर्थ विचारला, मास्तरांनी मुळासकट सांगितला. शेवटी साहेब कंटाळले.

"इसमें सरकार को गाली है क्या?"

मास्तर विचारात पडले. "अभी बनाई नहीं, साहब."

परवानगी मिळाली, पण अट पडली. तपासलेल्या शब्दांबाहेर एक जरी शब्द गेला तरी नाटक जागीच बंद आणि मास्तर आत! सरकारी नोकरीतला माणूस, लग्नाच्या दोन मुली घरात. मला तर भीतीच वाटायला लागली.

*

लक्ष ठेवायला शेषराव शिपाई आला. आधी दंडुका मांडीवर घेऊन बसायचा, पुढं चहा सांगायला लागला. एक दिवस हळूच म्हणाला, "मास्तर, बैलाला काय म्हनतेत?"

"नाटकात बैल न्हाई."

"नाटकात नसंल, पर यक्षाच्या घरी तर असंल की!"

मास्तरांनी लगेच शब्द करून दिला. तपासलेल्या शब्दांबाहेरचा पहिला शब्द पोलिसानंच मागून घेतला!

*

प्रयोगाच्या दिवशी अमीनसाहेब पुढच्या खुर्चीत, बाजूला शेषराव उभा. दुसऱ्या अंकात किशनराव अडकले. मी विंगेतून घसा फोडून सांगत होतो, पण शिट्ट्यांच्या गोंधळात त्यांना काही ऐकू जाईना. मग या गृहस्थानं दोन्ही हात वर करून तोंडाला येईल ते सुरू केलं! त्यात मास्तरांचा एकही शब्द नव्हता.

मास्तर माझ्याशेजारी मटकन खाली बसले. "गेलं समदं," एवढंच म्हणाले. मला त्यांच्याकडं बघवेना.

अमीनसाहेबांनी हात वर केला. शिट्ट्या थांबल्या.

"शेषराव, ये क्या बोला?"

शेषरावानं कडक सॅल्यूट ठोकला. "साहेब, औंदा पाऊस बरा हुईल म्हनायलाय."

"ये लफ्ज तो हमने सुना नहीं. कहाँ से आया?"

शेषरावानं एकदा विंगेकडं पाहिलं.

"साहेब, मूळ आमच्या सासुरवाडीचं हाय!"