वहिनी घसरल्या नव्हत्या

हा तपास कुठल्याही ठाण्याच्या डायरीत नाही. त्याला गुन्हा रजिस्टर नंबर नाही, पंचनामा नाही, आणि मी तो केला तेव्हा माझ्या अंगावर गणवेशही नव्हता, लेकीने घेऊन दिलेलं टोपीचं जॅकेट होतं. तरी नोकरीतल्या तेहेतीस वर्षांतल्या कुठल्याही प्रकरणापेक्षा मला हेच जास्त आठवतं, आणि आठवतं ते धुक्यासकट. कोणाचंही नाव लिहिणार नाही. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

बॉथेल हे सिएटलजवळचं गाव. माझी लेक तिथे राहते आणि बेलव्ह्यूच्या एका क्लिनिकमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. मी सहा महिन्यांसाठी गेलो होतो. ऑक्टोबर संपत आला होता. सकाळी खिडकी उघडावी तर समोरची टाउनहाऊसची रांग गायब असायची. मग हळूहळू एक छप्पर वर यायचं, एक मेपलचं झाड, एक टपालपेटी. झोपेचं वेळापत्रक तर पार बिघडलेलं. दुपारी सोफ्यावर डोळा लागला की डिशवॉशरची घरघर मला ठाण्यातल्या वायरलेससारखी ऐकू यायची आणि मी झोपेतच "ओव्हर" म्हणायचो, असं लेक सांगते. आपण नक्की कुठे आहोत हे कळायला मला रोज पाच मिनिटं लागत.

त्या तरंगत्या दिवसांत पक्की गोष्ट एकच होती, सकाळची फेरी. रांगेच्या टोकाच्या घरात नागपूरच्या एक वहिनी मुलाकडे आल्या होत्या. वय अडुसष्ट, पायात पांढरे बूट, साडीवर जॅकेट. आम्ही दोघं नदीकाठच्या वाटेने तासभर चालायचो. मी कमी बोलायचो, त्या दोघांचं बोलायच्या. मला त्या भाऊ म्हणत.

एका सोमवारी सर्दी झाली म्हणून मी गेलो नाही. दुपारी कळलं की वहिनी ओल्या पानांवरून घसरल्या आणि गुडघ्याला मार लागला. मी भेटायला गेलो. एक्स-रेमध्ये गुडघ्याखालच्या हाडाला तडा दिसला होता. पट्टा बांधून पाय उशीवर ठेवला होता. पुढची तपासणी करून बहुतेक ऑपरेशन लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पण प्रवासासाठी काढलेल्या विम्याच्या कंपनीने हात वर केले. वहिनींच्या गुडघ्याला आधीपासून संधिवात होता, म्हणून हे जुनं दुखणं, असं त्यांचं उत्तर आलं. मुलगा बिचारा फोनवर तासन्‌तास अडकलेला असे. शेवटी त्याने ठरवलं, पुढच्या बुधवारी विमानात बसवायचं आणि उपचार नागपुरात करायचे.

"इतका वेळ पाय लोंबकळत ठेवून प्रवास? पाय कायमचा वाकडा होईल त्यांचा," लेक मला म्हणाली. "पण मी कोण सांगणार? फाइल माझ्याकडे नाही."

दुसऱ्या आठवड्याअखेर मला खबर मिळाली. नोकरीत खबरे पाळावे लागत, त्यांना चहापाणी करावं लागे. इथे खबर स्वतःहून चालत आली, हातात कुत्र्याची दोरी धरून. आमच्या रस्त्यावरचे एक गोरे आजोबा रोज मला हात करायचे. त्या दिवशी थांबले आणि म्हणाले, "हाउ इज युअर फ्रेंड? द लेडी हू गॉट हिट?"

मी विचारलं, हिट बाय व्हॉट? त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीच वेडा. "बाय द कार," ते म्हणाले. शाळेजवळच्या क्रॉसवॉकवर. गाडीवाली तरुण मुलगी लगेच उतरली, रडत होती, तिनेच त्यांना गाडीत बसवून नेलं. आजोबांना वाटलं हॉस्पिटलला नेलं असेल.

कुठेतरी पाणी मुरत होतं. आणि खरं सांगतो, त्या क्षणी माझी झोप उडाली. महिनाभर मी ढगातून चालत होतो, आता पायाखाली जमीन लागली.

मी आधी घटनास्थळ पाहिलं. क्रॉसवॉकच्या पांढऱ्या पट्ट्यांवर पान नव्हतं. रस्ता पूर्वेकडे चढत जातो आणि धुकं फाटलं की सूर्य थेट चालकाच्या डोळ्यांत येतो. ओला रस्ता आरशासारखा चमकत होता. मी स्वतः दोन मिनिटं तिथे डोळे किलकिले करून उभा राहिलो, तर एक गाडी माझ्यासाठी थांबली आणि आतली बाई मी कधी ओलांडतो याची वाट पाहत बसली. तिला वाईट वाटू नये म्हणून मी पलीकडे गेलो आणि मग परत आलो.

नंतर जबाब. वहिनींसमोर खुर्ची ओढून बसलो. घसरून पडणारा माणूस हात टेकतो. तळहात सोलवटतात, मनगट मोडतं. वहिनींचे तळहात पहिल्या दिवशीही स्वच्छ होते. मार होता तो डाव्या पायाला, बाहेरच्या बाजूने, मोटारीच्या बंपरच्या उंचीवर.

"वहिनी, कुठल्या पायावर घसरलात?"

"उजव्या."

"मग लागलं डाव्याला कसं?"

"काय भाऊ, उगाच चौकशी करून राहिले तुम्ही! पडली ना मी. पडताना कोणी पाय मोजते का?"

मी गप्प बसलो. चौकशीत गप्प बसण्याइतकं उपयोगी काही नाही. माणसाला शांतता सहन होत नाही, तो ती भरायला बोलतो. वहिनींना तर मुळीच होत नाही. तेवढ्यात दार वाजलं. चार घरं सोडून राहणारी पुण्याची एक मुलगी आत आली, हातात डबा, साबुदाण्याची खिचडी. वहिनींच्या सूनबाई म्हणाल्या, "ही रोज आणते हो काही ना काही. पूर्वी कधी बोलायचीही नाही." मुलगी माझ्याकडे न बघता डबा ठेवून निघाली. बाहेर तिची गाडी उभी होती. पुढच्या बंपरवर खरचटल्याची खूण होती, आणि नंबर प्लेट वाकली होती.

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी पदराने डोळे पुसले.

"पोरगी चांगली आहे हो," त्या हळूच म्हणाल्या. "लायसन घेऊन दोन महिने नाही झाले. माझ्या पायाशी बसून रडली. काकू, माझा व्हिसा जाईल, नवऱ्याला सांगू नका म्हणे. माझ्या लेकीएवढीच आहे. मी म्हटलं, जा बाई, मी काही सांगत नाही. आणि आपल्या पोराचं ग्रीन कार्ड व्हायचं आहे. पोलिसात नाव गेलं तर?"

उलगडा झाला होता. इथे मी थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मी पोलीस अधिकारी, मला प्रकरण निकाली काढायची सवय.

दुसऱ्या दिवशी सूनबाई ऑफिसला गेल्यावर मी त्या मुलीला बोलावलं आणि दोघींना डायनिंग टेबलाशी समोरासमोर बसवलं. मुलगी वहिनींच्या पाया पडली. वहिनी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. दोघी रडल्या. मग मी कागद घेतला आणि ठाण्यात हजारदा लिहिला तो मजकूर लिहिला. सदर अपघात अनवधानाने झाला असून माझी कोणाविरुद्ध काहीएक तक्रार नाही. वहिनींनी खाली सही केली. मी चहा टाकला. बाहेर धुकं विरत होतं आणि त्या फिकट उन्हात मला वाटलं, काय सुरेख मिटवलं आपण! घराघरांत वैर नाही, कोर्ट नाही, कचेरी नाही.

संध्याकाळी मोठ्या ऐटीत मी लेकीला सगळं सांगितलं. तिने हातातली बॅग खाली ठेवली.

"बाबा, हे काय करून बसलात तुम्ही?"

"का? दोन्ही पक्ष खूश आहेत."

"पक्ष? बाबा, माझे अर्धे पेशंट अ‍ॅक्सिडेंटचे असतात. इथे क्लेम त्या मुलीच्या घरावर नाही जात, तिच्या कार इन्शुरन्सवर जातो. बहुतेक पॉलिसींमध्ये मेडिकल कव्हर असतं, आणि गाडीने उडवलेल्या पायी माणसालाही ते मिळतं, चूक कोणाची का असेना. काकूंचं ऑपरेशन त्यातून होऊ शकतं. आणि कोणाला लागलं असेल तर ड्रायव्हरने रिपोर्ट करायचाच असतो, तोही लगेच. तिने ऑलरेडी उशीर केलाय यार!"

लेक चिडली की बापालाही यार म्हणते. मी विचारलं, "आणि व्हिसा?"

"ती पळून नाही गेली, थांबली. पण व्हिसाचं वकिलाला विचारायचं ना, शेजाऱ्याला काय विचारता? इंज्युरीचे वकील पहिली भेट फुकट देतात. त्यांचं पहिलं वाक्य माहितेय काय असतं? किती लागलंय ते कळेपर्यंत कशावरही सही करू नका. आणि तुम्ही सही घेतलीत!"

मला भयंकर लाज वाटली. बुधवारला दोन दिवस उरले होते.

सकाळी कागद खिशात घालून मी त्या मुलीच्या दारात उभा राहिलो. दार तिच्या नवऱ्याने उघडलं. ती मागे होती, माझा चेहरा बघून तिचा उतरला. मी म्हणालो, "बेटा, हा कागद मी चुकीचा लिहिला. तू इन्शुरन्सला फोन करायला हवास." माझ्याच तोंडून आलेलं ते पहिलं वाक्य मला अनोळखी वाटलं. नोकरीत मी ते कोणासमोर उच्चारल्याचं आठवत नाही.

नवरा म्हणाला, "कसला कागद?"

मग तिला सांगावंच लागलं. ती जिन्याच्या पायरीवर बसून सांगत होती आणि नवरा ऐकता ऐकता तिच्याशेजारी खाली बसला. रागावला नाही. एवढंच म्हणाला, "दोन आठवडे तू हे एकटीने घेऊन फिरत होतीस?" मी जॅकेटची चेन वरखाली करत उभा होतो.

"काका, मी काकूंना प्रॉमिस केलं होतं, सॉरी, काकूंनी मला केलं होतं," ती म्हणाली. "फोन केला तर त्यांचा शब्द मोडल्यासारखं नाही का होणार?"

"होईल," मी म्हणालो. "त्यांचा पाय की त्यांचा शब्द, एवढंच आता आपल्या हातात आहे."

तिने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडच्या बाईने शांतपणे प्रश्न विचारले. जागा, वेळ, हवामान. मग, वॉज एनीवन इंज्युअर्ड? मुलीने डोळे मिटले. "येस. शी वॉज ऑन द क्रॉसवॉक. आय डिडन्ट सी हर. शी इज माय नेबर." नंतर तिने नवऱ्याला बरोबर घेऊन अपघाताचा रिपोर्ट भरला, व्हिसाच्या वकिलाची वेळ घेतली. कुत्र्यावाले आजोबा साक्षीला आनंदाने तयार झाले. त्यांना आपलं म्हणणं कोणीतरी लिहून घेतंय याचंच फार अप्रूप.

वहिनींच्या मुलाने विमानाचं तिकीट कॅन्सल केलं. सगळं गोड झालं असं मात्र नाही. वहिनी माझ्याशी बोलेनात. मी गेलो की त्या खिडकीकडे तोंड करत. एकदाच म्हणाल्या, "मी पोरीला शब्द दिला होता भाऊ. तुम्ही माझ्या शब्दाची किंमत नाही ठेवली." त्यांचं खरं होतं.

ऑपरेशन झालं, त्या मुलीच्या गाडीच्या विम्यातून. पुढे आठवड्यातून दोनदा त्यांना माझ्या लेकीच्या क्लिनिकला न्यायचं असे. मुलाला मीटिंगा, सुनेला ऑफिस. न्यायला कोण येणार असं चाललं होतं, तेव्हा ती पुण्याची मुलगी किल्ली घेऊन दारात आली आणि तिथेच थांबली. आत येईना. वहिनींनी तिच्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, कुबड्या उचलल्या. "हळू चालव बाप्पा," एवढंच म्हणून त्या पुढच्या सीटवर बसल्या. धुक्यात त्या गाडीचे लाल दिवे बराच वेळ दिसत राहिले. ती खरंच फार हळू चालवत होती.

मी परतायच्या आधी वहिनी काठी टेकत माझ्याबरोबर कोपऱ्यापर्यंत चालल्या. बोलल्याही, पूर्वीइतक्या नाही. पाय सरळ पडत होता.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? जखमी माणूस "काही झालं नाही" म्हणतो तेव्हा तो बहुतेक वेळा दुसऱ्या कोणाला तरी वाचवत असतो, नाहीतर आपल्यासारख्या पोलिसांना घाबरलेला असतो. त्याला काय मिळू शकतं हे आधी सांगायला हवं, सही नंतर. हे मला सत्तरीला, परक्या देशात, लेकीचं बोलणं खाऊन कळलं. नोकरीत अशा तडजोडींबद्दल माझी पाठ थोपटली जायची. प्रलंबित प्रकरणं माझ्याकडे सगळ्यांत कमी असत.

आता घरी दुपारी डोळा लागला की वायरलेस ऐकू येत नाही. एक भाजीवाली दिसते. तिला एका पोराने मोटारसायकलने उडवलं होतं. मी दहा मिनिटांत दोघांना समजावलं, तिचा अंगठा घेतला, त्या पोराला दम देऊन सोडलं, आणि तिला म्हणालो, जा मावशी, सुटलीस. ती ठाण्याच्या तीन पायऱ्या कठडा धरून, एकेक पाय खाली ठेवत उतरली. मी खिडकीतून ते पाहिलं होतं. मग मी पुढची फाइल उघडली.