दोनशे मीटर चालणारा जमाल

जमाल बुरोंडकर झपाझप चालणारा माणूस. शारजात खाडीच्या काठानं तो निघाला की जॉगिंगचे बूट घातलेली पोरंही मागं पडायची. दापोलीच्या किनाऱ्यावर ओल्या वाळूत तयार झालेले पाय ते. फरशीवर त्यांना कुणी मागून ढकलतंय असंच वाटायचं. हमरिया फ्री झोनमधल्या एका रंगाच्या कारखान्यात तो तेवीस वर्षं रंग जुळवत होता. गिऱ्हाइकानं पत्र्याचा तुकडा आणावा, जमालनं तो दाराशी उन्हात धरून डोळे बारीक करावेत आणि म्हणावं, "थोडा काळा, चिमूटभर पिवळा." यंत्र तेच सांगायचं, पण तासाभरानं.

असा माणूस बसला घाबरू लागला.

जूनमध्ये कंपनीची बस महामार्गावरच्या कोंडीत बंद पडली. एसी गेला, दार अडकलं, ते उघडेपर्यंत पाऊण तास लोटला. सगळे बाहेर आले, पाणी प्याले, हसले आणि विसरले. जमालही हसला. पण दुसऱ्या दिवशी बसचं दार फुस्स करून मिटलं आणि त्याच्या छातीवर जणू कुणी भरलेलं पिंप ठेवलं. हात बधिर, कानात समुद्राची गाज. पुढच्या सिग्नलला उतरला, तो पुन्हा चढलाच नाही. गावचा रुहान आपल्या पिकअपमधून, काचा खाली करून, त्याला पोचवू लागला. मग रुहानला दुबईपलीकडं जबल अलीत काम मिळालं आणि ती सोय संपली.

कंपनीची एक छोटी गाडी होती. ज्यांना बस जमत नाही त्यांना ती दाराशी घ्यायला यायची. पण त्यासाठी ठरलेल्या दवाखान्यात तपासणी करून कागद आणावा लागे. साहेब म्हणाले, "जमाल, महिनाअखेरपर्यंत कागद आण, नाहीतर बसनं ये. दोन्ही नाही, तर खलास. माझ्या हातात काही नाही." 'खलास' हा इथला रोजचा शब्द त्यानं तेवीस वर्षांत हजारदा ऐकला होता. या वेळी तो ऐकून त्यानं तपासणीची तारीख घेतली.

आता बुरोंडकरांच्या घरातली एक रीत सांगायला हवी. कुणी "कसे आहात" विचारलं की उत्तर एकच: "अल्हम्दुलिल्लाह, एकदम छान." जमालच्या अब्बांनी मलेरियानं दात वाजत असतानाही डॉक्टरला हेच सांगितलं होतं. रडायचं ते नमाजाला, जानमाजवर, परक्यापुढे नाही.

तेव्हा जमाल तपासणीला गेला तो कडक इस्त्रीचा शर्ट घालून, अत्तर लावून, बायकोच्या, रशीदाच्या हातच्या नानखटाईचा डबा घेऊन. तपासणाऱ्या अनुपमा मॅडम निघाल्या पुण्याच्या. मराठी ऐकून दोघंही खुलले.

"कसे आहात, जमालभाई?"

"अल्हम्दुलिल्लाह, एकदम छान!"

"झोप लागते?"

"मस्त."

"बसमध्ये काय होतं म्हणालात?"

"काही नाही हो, जरा गरम होतं."

मग त्यांनी त्याला दवाखान्याच्या लांब बोळातून चालवलं. दोनशे मीटर. जमाल असा सुटला की मॅडमना मागून हाक मारावी लागली.

आठवड्यानं पत्र आलं. इंग्रजी कागद वाचायचं काम घरात बारा वर्षांच्या माहनूरचं. तिनं वाचलं आणि डोळे मोठे केले. "अब्बा, यू गॉट झीरो!"

"शून्य? कशात?"

"एव्हरीथिंग. अँड लिसन... नीट अँड चिअरफुल, नो साइन ऑफ डिस्ट्रेस."

तिनं अर्थ सांगितला: टापटीप, आनंदी, त्रासाला शून्य गुण, म्हणजे छोटी गाडी नाही. रशीदानं कपाळावर हात मारला. "अहो, तपासणीला गेला होतात की मुलगी बघायला?"

"मग काय मळके कपडे घालून जाऊ? आजाराचं सोंग आणू?"

"सोंग तर आणलंतच की! धडधाकट असल्याचं."

फेरतपासणीचा अर्ज रशीदानंच माहनूरकडून लिहून घेतला, आणि तपासणीच्या दिवशी ती स्वतः सोबत गेली. शर्ट इस्त्रीचाच होता. तेवढं तिनं चालवून घेतलं.

"कसे आहात?" मॅडमनी विचारलं.

"अल्हम्दु..." रशीदा एवढ्या जोरात खोकली की शिपाई पाणी घेऊन आला.

"मॅडम," ती म्हणाली, "यांना चालायला लावाल तर हे अजमानपर्यंत जातील. चालणं विचारूच नका. बंद दाराआड बसवून बघा."

मॅडमनी फॉर्म उलटापालटा केला. पन्नास मीटर, दोनशे मीटर, जिना, काठी. मनासाठी एकच ओळ: अस्वस्थता दिसते, की नाही? "दिसत नसेल तर मी काय लिहू, ताई?" त्या म्हणाल्या. पण म्हणताना पेन खाली ठेवलं आणि त्या जमालकडे वळल्या. "तुमची तयारी असेल तर आमची स्टाफ बस अंगणात उभी आहे. बसायचं फक्त. सांगाल तेव्हा दार उघडू."

जमाल ताठ मानेनं चढला. मॅडम शेजारी बसल्या. ड्रायव्हर नोमाननं खटका दाबला. दार फुस्स करून मिटलं.

जमालच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, मागचा माणूस तेवढा निघून गेल्यासारखं. मॅडमनी विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" ओठ हलले, नाव येईना. इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला होता. समोरच्या दांडीवर बोटं अशी आवळली होती की नखं पांढरी पडली.

"मॅडमजी, मैं खोल रहा हूँ," नोमान म्हणाला आणि कुणाची वाट न बघता त्यानं दार उघडलं. "यल्ला, चलो चाचा, बाहर हवा है।"

जमाल पायरीवर उतरून तिथंच बसला. रशीदानं ओढणीच्या टोकानं त्याची मान पुसली. मग तो म्हणाला, "मला बरं नाही, मॅडम." आयुष्यात पहिल्यांदाच हे वाक्य त्याच्या तोंडून निघालं, ते त्याला वाटलं होतं तेवढं जड नव्हतं.

मॅडम त्याच्याशेजारी पायरीवरच बसल्या. फॉर्मच्या शेवटी 'इतर निरीक्षण' असा एक मोठा चौकोन होता, तो त्या एरवी कोराच सोडत. आज तो भरून मजकूर पाठीमागं गेला. वर ठळक लिहिलं: पाय उत्तम, प्रवास अशक्य. "मागच्या वेळी माझंही चुकलं," त्या म्हणाल्या. "मी हसणं मोजलं."

महिना संपायला दोन दिवस असताना कागद आला. सहा महिने छोटी गाडी, खिडकीची जागा, काच उघडी ठेवायची मुभा, आणि दर गुरुवारी समुपदेशकाकडे जायचं. जमालनं कागद साहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला आणि त्यावर सही ठोकली.

पहिल्या सकाळी गाडीत आधीच गुडघ्याचं ऑपरेशन झालेला संजय बसला होता. त्यानं जमालला उडी मारून चढताना पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "काय रे, तुझे पाय तर घोड्याचे! तू कसा काय इथं?"

जमालनं काच खाली केली. नोव्हेंबरचा खारा वारा आत आला. तो गप्प बसू शकला असता. पण त्यानं जूनपासून सुरुवात केली. बस, दार, पिंप, शून्य, नानखटाई. नानखटाईपाशी संजय इतका हसला की गुडघा धरून बसला. स्टाफ बसपाशी मात्र हसू थांबलं.

"एसी वाया जातोय," संजय कुरकुरला, आणि त्यानं आपलीही काच चार बोटं खाली घेतली.