चार आण्यांची चाल

आमच्या लालबागच्या चाळीत तीन पत्तीला लिमिट होतं. चाल चार आण्यांची, वर एक पैसा नाही. रविवारी दुपारी मटण जेवून झालं की गॅलरीत सतरंजी पडायची आणि आमच्या गिरणीत मागावर काम करणारा उत्तम साचेवाला भिंतीला पाठ लावून बसायचा. हा माणूस कधी पत्ते टाकून पॅक करत नसे. हातात काही नसलं तरी शेवटपर्यंत चाल द्यायचा.

"मेल्या, टाक की पत्ते!" मी ओरडायचो.

"लहू, चार आण्यांत समोरच्याचे पत्ते बघायला मिळतात. का सोडू?"

काय दिवस होते ते! हरलेलाही हसत उठायचा.

नो-लिमिटचा डाव खाली, गंगाधर दलालाच्या गाळ्यात. तिथली माणसंच निराळी. बोलणं कमी, नजर दुसऱ्याच्या खिशावर. आमच्याकडे पत्ते खेळायचे, तिथे खिसा खेळायचा. हातात काही नसेना का, चाल एवढी मोठी करायची की समोरच्याने घाबरून पत्ते टाकलेच पाहिजेत. उत्तम त्या गाळ्याची पायरी कधी चढला नव्हता.

मग ब्याऐंशीचा गिरणी संप आला. गणपतीपर्यंत मिटेल म्हणालो. गणपती गेले, दिवाळी गेली. मालकांचा खिसा खोल, तो डावही नो-लिमिटच निघाला. उत्तमची बायको मंजुळावहिनी गिरणीवाल्यांची खानावळ चालवायची, तिची अर्धी माणसं गावाला पळाली. दुसऱ्या वर्षी मी गुपचूप कामावर गेलो. होय, मी पॅक केलं. लाज वाटते अजून. उत्तमने मला एका शब्दाने टोकलं नाही.

त्याच वर्षी गोकुळाष्टमीला तो गंगाधरच्या गाळ्यात शिरला. अष्टमीला पत्ते खेळायचेच, हा आमचा कोकणातला रिवाज. शिवाय खानावळीला तांदूळ भरायचा होता. मीही मागोमाग गेलो. शेवटी दोघेच उरले, आणि गंगाधरने पाचशेची चाल केली. उत्तमचा खिसा रिकामा.

"पॅक कर रे बाबा," मी हात जोडले. पण चार आण्यांची सवय! त्याने वर तोंड करून हाक मारली, "मंजुळा, दोन्ही मोठे टोप घेऊन ये!"

अहो, त्या पितळी टोपांवर खानावळ उभी होती. वहिनी ते घेऊन आली, पैशांचा ढीग बघितला आणि समजली. तिने उत्तमच्या हातातले पत्ते घेतले, एकदा पाहिले, आणि गड्डीत खुपसले.

"पॅक! मला भात टाकायचाय." टोप उचलून ती गेलीसुद्धा.

पत्ते गोळा करताना मी गंगाधरचे पाहिले. राजा, नव्वी, चव्वी, तिन्ही वेगळ्या रंगांची. काहीच नाही!

"काय होतं रे त्याच्याकडे?" उत्तमने जिन्यात विचारलं. खरं सांगितलं तर हा जन्मभर वहिनीला बोल लावणार.

"तीन एक्के. वहिनीने वाचवलं तुला."

तो माझ्याकडे बघत राहिला. "वाचलो म्हणायचं," म्हणाला, आणि वर जाऊन कांदे सोलायला बसला.

गिरणीने त्याला परत घेतलं नाही. त्याच टोपांवर दोघांनी तीस वर्षं माणसं जेवू घातली. रविवारचा डावही चालूच. चार आणे बंद झाले तरी जुनी नाणी बिस्किटाच्या डब्यात जपलेली, चाल त्यांचीच.

गेल्या शिमग्यात उत्तम गेला. तेराव्यानंतर वहिनीने चहा दिला, तेव्हा मला राहवेना.

"वहिनी, मी त्याच्याशी खोटं बोललो. गंगाधरकडे तीन एक्के नव्हते."

"ठाऊक आहे, भावजी. जिन्यातलं ऐकू आलं होतं मला. त्यांनाही ठाऊक होतं. दोन एक्के त्यांच्याच हातात होते, मग तिकडे तीन कुठून येणार?"

मी कप खाली ठेवला. "मग कधी बोल लावला नाही तुम्हाला?"

"नाही. पण त्या दिवसापासून ते टोप रोज स्वतः घासले, मला कधी घासू दिले नाहीत."