सात कलमं आणि एक पातेलं

आमच्या घरी पाहुण्यांना चहाच्या आधी पत्रक मिळायचं. वडील लिहायचे, मी घड्या घालायचे. काय खावं, अगदी बीफसुद्धा, हे ज्याचं त्याने ठरवावं, हे पत्रक तर मला पाढ्यांसारखं पाठ होतं. कॉलेजात त्याच विषयावर मी दोन वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या आणि बऱ्याच मैत्रिणी गमावल्या. आईच्या स्वयंपाकघरात मात्र ते पत्रक लागू नव्हतं. तिथे अंडी आणि रविवारी मासे, बस्स. म्हणजे ज्या बीफसाठी मी एवढी भांडले, ते मी कधी चाखलंच नव्हतं. हे कोणाला सांगायची वेळ आली नव्हती, एवढंच.

ती वेळ आली अमेरिकेत, मिनेसोटात शिकायला गेले तेव्हा, २००५ च्या हिवाळ्यात. लॅबमधल्या वयस्कर टेक्निशियन बाईंनी थंडीवर उतारा म्हणून बीफ स्ट्यू सांगितला. मांसाचे तुकडे लालसर परतायचे, कांदा, गाजर, बटाटे, पाणी घालायचं आणि मंद आचेवर तीन तास ठेवायचं. तीन तास ऐकून मला हसू आलं. चार शिट्ट्यांत काय शिजत नाही?

पण कुकर रूममेटचा होता. ती पुण्याची, शाकाहारी, आणि कुकर तिच्या आईने साडीत गुंडाळून बॅगेत घातलेला. स्ट्यू करायच्या आदल्या दिवशी मी फ्रिजवर पत्रक लावलं. स्वयंपाकघर सामायिक आहे, कुणाच्या ताटावर पहारा चालणार नाही, अशी सात कलमं. तिने चहा पीत सगळी वाचली. पाचवं आणि सहावं एकच आहे म्हणाली. मग कप विसळत म्हणाली, "तुला हवं ते खा. पण तुझी तत्त्वं तुझ्या पातेल्यात शिजव."

मी माझं एकुलतं एक पातेलं घासून ठेवलं.

शनिवारी ती लायब्ररीत जाणार होती, पण बर्फामुळे बस कॅन्सल झाली. मग ती नाकाला ओढणी लावून सोफ्यावर बसली. माझं पातेलं नूडल्स करायचं, पातळ बुडाचं. तुकडे टाकताच धूर झाला आणि स्मोक अलार्म कोकलू लागला. माझा हात पोचेना. तिने फ्रिजवरचं पत्रक ओढलं, खुर्चीवर चढली आणि अलार्मला वारा घालत राहिली. सात कलमांचा तेवढाच उपयोग झाला.

एका तासाने मांस चपलेसारखं होतं. दुसऱ्या तासाने जुन्या चपलेसारखं. तिसरा तास संपताना काटा अलगद आत शिरला, बटाटे विरघळून रस्सा दाट झाला, आणि बाईंना मनातल्या मनात हसल्याची मला लाज वाटली. मी वाडगाभर घेऊन टेबलाशी बसले. बसूनच राहिले. ढवळत.

"थंड होईल," ती सोफ्यावरून म्हणाली.

अजून गरम आहे, मी म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा तेच म्हणाले.

तिने पुस्तक मिटलं. "अगं, तू आधी कधी खाल्लंयस ना हे?"

मी नकारार्थी मान हलवली. ती इतकी हसली, की नाकावरची ओढणी गळून पडली. मग येऊन समोरची खुर्ची ओढली. "खा. मी बसते."

सात कलमांच्या साक्षीदारासमोर माघार घेणं शक्य नव्हतं. मी खाल्लं. मऊ होतं, पोटात ऊब उतरत होती, आणि चव विचाराल तर अगदी आजाऱ्याचं जेवण. तिखटाचा विषयच बाईंनी काढला नव्हता, आणि मलाही सुचलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे बघून ती उठली. कपाटामागून तिच्या आईने पाठवलेल्या लसणाच्या चटणीचा डबा काढला. ही चटणी ती स्वतःसुद्धा चिमटीने मोजून खायची. चमचा भरला आणि वीतभर उंचीवरून, कुठेही लागू न देता, माझ्या वाडग्यात सोडला.

"डब्याला हात लावायचा नाही," ती म्हणाली.

मी दुसरा वाडगा घेतला तेव्हा ती पुन्हा उठली, चमचा भरला, आणि पुन्हा तशीच वीतभर उंचीवरून चटणी सोडली.