दत्तूमामाचे नऊ मार्क

माझ्या मामाची आवड भिकार होती.

आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून मी हे बदलून सांगणार नाही.

दत्तूमामा विजेच्या मीटरचं रीडिंग घेत शहरभर फिरायचा आणि येताना शहागंजातल्या जुन्या पुस्तकवाल्याकडून कॉमिक्स आणायचा. निवडून नाही. हाताला लागतील ती.

घरी एक लोखंडी ट्रंक भरली होती. त्या रद्दीला तो ‘कलेक्शन’ म्हणायचा.

दर मे महिन्यात मी गंगापूरहून त्याच्याकडे राहायला यायचे आणि आम्ही दोघं ती अख्खी ट्रंक पुन्हा वाचायचो. प्रत्येक कॉमिक संपलं की मागच्या कव्हरच्या आत पेन्सिलीनं दहापैकी मार्क द्यायचे. दर वर्षी खाली नवी ओळ, डावीकडे त्याचे, उजवीकडे माझे. लिहिलेलं खोडायचं नाही.

“मीटर कधी मागं फिरतंय का?” म्हणायचा.

मामा सगळ्यांना नऊ द्यायचा. सरसकट.

एका राक्षसाला पहिल्या पानावर सहा बोटं, आठव्यावर चार. नऊ मार्क.

एका डिटेक्टिव्हला चोर सापडतो, कारण चोरानं तीच पट्ट्यापट्ट्यांची बनियन घातलेली असते. आठवडाभर. नऊ मार्क.

“मामा, ह्या हिरोला उडता येतं ना? मग तो जीपनं कशाला चाललाय?”

“उडून उडून दमत नाय व्हय माणूस?”

मी दोन द्यायचे. फार दया आली तर तीन. मग जेवणाचं ताट समोर येईपर्यंत आमचं भांडण.

पुढे पुण्यात डिझायनरची नोकरी लागली आणि मला जरा जास्तच अक्कल आली. मामाचा फोन यायचा.

“मे लागला की. येतीस?”

दोन वर्षं सुट्टी नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्या वर्षी खरं बोलले.

“मामा, भंगार आहे ते सगळं. रद्दीत घाल आता.”

“बरं,” म्हणाला. परत कधी विचारलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं होतं, हेही लिहून टाकते.

परवा मामीनं ट्रंक माझ्या ताब्यात दिली. दोन दिवस तिथंच बसून वाचली. माझं मत तसूभर बदललेलं नाही. चित्रं गचाळ, भाषांतर त्याहून गचाळ.

फक्त, मी गेले नाही त्या वर्षांचेही मार्क मागं होते.

माझ्या बाजूचे सुद्धा. मामाच्या अक्षरात.

दोन. दोन. तीन. एक. मी दिले असते तेच.

एका ठिकाणी शेजारी लिहिलं होतं, ‘ती म्हणंल, हात उलटा काढलाय.’

हात खरंच उलटा काढलाय. इतक्या वर्षांत मला दिसला नव्हता.

मग वाटलं, यंदाचे त्याचे मार्क आपण द्यावेत. विचार करायचं कामच नव्हतं, नऊ. पेन्सिल टेकवताना त्याच्या बाजूचे वरचे आकडे पहिल्यांदा नीट बघितले.

मी जायचं सोडल्यापासून त्याच्या बाजूला एकही नऊ नाही.

चार. तीन. बनियनवाल्याला दोन.

मी मामीला दाखवलं. ती गवारीच्या शेंगा मोडत होती. मान वर न करता म्हणाली, “त्येंना कुठं आवडायची ती पुस्तकं? तू भांडायचीस, ते लई आवडायचं.”

मी मामाला वर्षानुवर्षं अडाणी समजत आले. एवढी मोठी चूक ट्रंकेतल्या एकाही मूर्ख हिरोनं केलेली नाही.

मामा, तू बोलावलंस तेव्हा यायला पाहिजे होतं मी.

आता भांडायला कुणी नाही. नीट जा.