माझा तंबू उडाला, यास्मिनचा नाही

खरं सांगते मंडळी, आज माझा जळफळाट झालाय.

नेरळच्या यास्मिनला तंबू लावायला मीच शिकवलं. आज सकाळी कोंडाण्याच्या लेण्यांपाशी आम्ही दोघी मिळून एका ग्रुपचा कॅम्प लावत होतो. जोराचा वारा सुटला आणि माझा तंबू सगळ्यांसमोर उडाला. तिचा जागचा हलला नाही.

"माती भुसभुशीत हाय गं. खुंट्या सरळ नको, तिरक्या ठोक," म्हणत तिनेच माझा तंबू पुन्हा उभा केला.

मग सगळ्यांनी तिचा नंबर घेतला. माझा कुणीच मागितला नाही. ती मात्र सांगत होती, "मला हिनंच शिकवलंय." ते ऐकून मी आणखीच जळले आणि तशीच निघून आले.

आता तिला फोन करावासा वाटतोय, पण बोट पुढे सरकत नाही. तुम्ही केला असता?