हळदीचं फडकं

आमच्या निमोण्याच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंइतकं रागीट माणूस देवानं एकच घडवलं. दुसरं घडवलं असतं तर दोघींनी मिळून घोडनदी उकळली असती. बाईंच्या पदराला हळदीत भिजवून वाळवलेलं फडकं टाचणीनं लावलेलं असे, आणि सोड्यासारखं आम्लारी लागलं की ते लाल होई, बाईंच्या आधी. शिरूरच्या स्टँडवर चहावाल्याच्या दुधात त्यांनी ते एकदा बुडवलं. "आप्पा, ह्यात धुण्याचा सोडा हाय. चहा करताय का कपडे धुताय?" तो म्हणाला, "बाई, तुमचा चहा फुकट, पण ते फडकं आवरा." "फुकट मरायला आले न्हाई मी." माझ्या बहिणीच्या हळदीत बायकांचे पिवळे हात साबणानं लाल झाले, तर कुणालाच हात पुसू न देता बाईंनी मांडवात तास घेतला. नवरी तशीच ओल्या हातांनी उभी. वर्गात मात्र त्यांचं एकच पालुपद, "बाटलीत काय हाय ते तोंडानं तपासायचं नसतं."

नववी अर्धी टाकून, बाईंना न सांगता, मी गुजरातेत आले. इथं कापड रंगवायच्या कारखान्यात काम करते. डब्याचं फडकं भाजीतल्या हळदीनं पिवळं झालेलं असतं. कुणी दिलेल्या बाटलीतलं पाणी आधी त्यावर टाकते. सगळ्या हसतात. परवा शेजारची बाई टेबलावरची पाण्याची बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात मी ती ओढली. थेंब टाकला. फडकं लालभडक. कापडाच्या कामातला कॉस्टिक सोडा होता, घसा जाळणारा.

सुपरवायझर म्हणाला, "दूसरी बोतल नहीं थी, क्या करता?" मी सात वर्षांत इथं आवाज चढवला नव्हता. नोकरीच्या धास्तीनं चढवत नाही. त्या दिवशी बाटली त्याच्यासमोर आपटली. "पहले तू पी." राग अजून गेलेला नाही.

मग बाईंना फोन लावला. नंबर कधीचा होता, धाडस नव्हतं. त्यांनी आधी झाडलं, "बाटली ओढलीस तवा हातावर सांडलं का? पाणी किती वेळ सोडलंस?"

"वीस मिनिटं, बाई."

"आन् लिंबू?"

"न्हाई लावलं. तुमीच शिकवलंत, आंबट लावलं की आणखी भाजतं."

मला वाटलं, आता शाळा सोडल्याचं निघणार.

"क्षारांचा धडा राहिला तुझा," त्या म्हणाल्या. "कवा येतीस?"